दोन चाकांची जुनी घोडागाडी: आठ महिने हाकल्यावर

दिवाळीनंतर कराडजवळच्या एका गावातून ही गाडी ४२ हजारांना घेतली. सांगितले होते ६० हजार. टेम्पोतून साताऱ्याला, माहुली रस्त्यावरच्या आमच्या घरी उतरवली तेव्हा आई ओट्यावर आली, चाकावरून हात फिरवला आणि काही न बोलता आत गेली. आजोबांचा टांगा पोवई नाक्यावर उभा असायचा. तो विकून चाळीस वर्षं होऊन गेली.

ही मात्र टांगा नव्हे. लोखंडी पाइपचा सांगाडा, मोटारसायकलची चाकं, खाली धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे, दोघांपुरती एक सीट आणि पाय टेकायला पत्रा. गुऱ्हाळाच्या काट्यावर तोलली तर ८५ किलो भरली. मला सकाळचा फेरफटका हवा होता, पुतणीला शंकूंमधून गाडी हाकायच्या स्पर्धेचा सराव. दोघांचं काम एकाच गाडीत भागेल म्हणून घेतली.

पहिल्याच आठवड्यात चंद्रीच्या पाठीवर खोगिराखाली तळहाताएवढा भाग गरम लागला. चंद्री आमची काठेवाडी घोडी, कानांची टोकं एकमेकांना टेकणारी. साज नीट बसला नसेल म्हणून दोन दिवस पट्टे सैल-घट्ट करत बसलो. चूक गाडीत होती. दोन चाकांच्या गाडीत सगळं ओझं आसावर तोललेलं असतं. सीट पुढं असली की घोड्याच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या दांड्या खाली दाबतात आणि भार थेट घोड्याच्या पाठीवर येतो. फार मागं गेली की दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा पट्टा ओढला जातो. विकणाऱ्यानं मला रिकाम्या गाडीच्या दांड्या दोन बोटांवर उचलून दाखवल्या होत्या. मी भुललो. रिकामी गाडी उचलून काहीच कळत नाही. सपाट जागी सीटवर माणूस बसवा, दांड्या घोड्याच्या उंचीला आडव्या धरा आणि मग हातावर किती भार येतो ते पाहा. चार-पाच किलोच्या वर आला तर ती गाडी तशीच जुंपू नका.

शिवाय दांड्या मोठ्या घोड्याच्या मापाच्या होत्या. टोक खांद्याच्या उंचवट्यापर्यंत यावं, इथं वीतभर पुढं जायचं आणि वळताना जबड्याला लागायचं. आधी दांड्या मागच्या बाजूनं कापून घेतल्या, त्यामुळे तोल आणखी बदलला, मग सीट ९ सेंटिमीटर मागं सरकवली. वेल्डिंगवाल्यानं १,८०० घेतले. काम चालू असताना नव्या रंगाखाली सांध्यावर केसाएवढी चीर सापडली, नेमकी दांडी सांगाड्याला मिळते तिथं. जुन्या गाडीला ताजा रंग दिसला तर तिथं आधी खरवडून बघा. चाक वर-खाली धरून हलवा. आमच्या डाव्या चाकाचं बेअरिंग खडखडत होतं, ते बदललं.

आता चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. साज अडकवायची आडवी दांडी मधोमध खिळीवर फिरते. घोड्याचा एकेक खांदा पुढं जातो तशी ती हलते, म्हणून छातीचा पट्टा घासत नाही. हे ज्यानं बनवलं त्याला घोडा कळत होता. पाटेही नरम आहेत, खड्ड्यात कंबर आपटत नाही.

ब्रेक नाही. उतारावर गाडी अंगावर येते, ती थोपवायला घोड्याच्या मांड्यांमागून जाणारा पट्टा लागतोच. तो सोबत मिळाला नव्हता, वेगळा शिवून घेतला. तरी यवतेश्वरच्या घाटात मी ही गाडी नेलेली नाही, नेणारही नाही.

पुतणी मागच्या माळावर शंकूंच्या जोड्या मांडते, प्रत्येक शंकूवर एक चेंडू. चेंडू पडला की तीन गुण दंड. शंकूंमधलं अंतर चाकांच्या बाहेरच्या रुंदीवरून ठरतं. आमची १३६ सेंटिमीटर भरली. परवा दहा जोड्यांत एकच चेंडू पडला, आणि साज उतरवल्यावर चंद्रीची पाठ दोन्ही बाजूंनी सारखीच ओली होती, म्हणजे भार एकाच जागी दाबत नव्हता. मला त्याचा आनंद चेंडूंपेक्षा जास्त.

एक दोष अजून तसाच आहे. पायरी फार उंच, गुडघा छातीला लागतो. पाऊस उघडला की आईला माहुलीच्या संगमावर नेतो म्हणालोय. त्याआधी ही पायरी वीतभर खाली घ्यायची आहे.