न्यू ब्रन्सविकचे बेसमेंट शो : एकदा तरी जाच

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून आठ वर्षं झाली आणि ट्रेनच्या पुढच्याच स्टेशनाला, न्यू ब्रन्सविकला, लोकांच्या घराखालच्या तळघरांत एवढं गाणंवाजवणं चालतं हे मला मागच्या महिन्यात कळलं. भाचा तिथल्या रटगर्स विद्यापीठात शिकतो, तो घेऊन गेला. घराचं नाव टाकत नाहीये, कारण तिथे पत्ता कुणीच जाहीर लिहीत नाही, पोस्टरवर फक्त पोरांनी घराला ठेवलेलं टोपणनाव असतं आणि पत्ता ओळखीत विचारायचा. भाड्याची घरं आहेत, तक्रार झाली की सगळंच बंद.

दारात एक मुलगी कॉफीचा रिकामा डबा घेऊन बसलेली. १० डॉलर, पण पाटीवर खाली लिहिलेलं की पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवणार नाही. आणि ते खरं होतं, माझ्या पुढच्या मुलाने एकेक डॉलरच्या तीनच नोटा टाकल्या तर तिने त्याच्याही हातावर हसत शिक्का मारला.

खाली छत इतकं बुटकं की हात वर केला की पाइपला लागतो. कोपऱ्यात वॉशिंग मशीन, त्यावर सगळ्यांच्या जॅकेटांचा ढीग, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. स्टेज नाहीच. भाचा म्हणाला, "मामा, आधी हे कानात घाल," आणि फोमचे इअरप्लग दिले. तुम्हीही न्या, विसरू नका.

दुसऱ्या गाण्याला मोठा ड्रम गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकायला लागला, तर समोरची एक मुलगी पटकन खाली बसली, ड्रमला पाठ लावली, पाय रोवले आणि त्या बँडचं वाजवणं संपेपर्यंत तशीच बसून राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मला तिथेच भरून आलं.

मी मूळचा मिरजेचा. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गायक सेवा म्हणून हजेरी लावतात ते लहानपणापासून बघितलंय, आणि आमच्या घरी बैठक असली की दाराशी चपलांचा ढीग, आई चहा करतेय, शेजारचे काका सतरंज्या अंथरतायत. संगीत अगदी वेगळं, पण ते वातावरण मला इतक्या वर्षांनी इथे तळघरात भेटलं.

थर्सडे, लाइफटाइम, स्क्रीमिंग फीमेल्स हे बँड याच गावातल्या तळघरांत वाजवून वाढले, त्यातला स्क्रीमिंग फीमेल्स २००५ ला सुरू होऊन २०२३ पर्यंत चालला. बऱ्याच बारमध्ये २१ च्या खालच्यांना घेत नाहीत, मग एकोणीस वर्षांच्या पोरांनी वाजवायचं कुठे आणि ऐकायचं कुठे, म्हणून ही तळघरं.

आता तक्रारी. गाणाऱ्याचा आवाज गिटारखाली पार दबला होता, एक शब्द कळला नाही, आवाजाला पाचात दोनच देईन. आणि वर यायला जिना एकच, चाळीस-पन्नास माणसं खाली, हे मला बरोबर वाटत नाही, आग लागली तर काय. दारात गर्दी करू न देणारा एक माणूस तरी जिन्यावर उभा हवा. मी त्या मुलांना तसं सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं.

शेवटी दारातल्या त्याच मुलीने डबा वॉशिंग मशीनवर उपडा केला, सगळ्यांसमोर नोटा मोजल्या आणि सगळी बिदागी ओहायोहून व्हॅन चालवत आलेल्या बँडच्या हातात दिली, गावातल्या दोन बँडनी एक डॉलर घेतला नाही. पेट्रोलला तरी पुरतील ना, असं तिने त्यांना दोनदा विचारलं.

जाणार असाल तर पाच-पाचच्या नोटा ठेवा, आणि संपल्यावर लगेच निघू नका, अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे खोके, भयंकर जड असतात, त्या जिन्यावरून वर न्यायला दोन हात जास्तीचे लागतातच.