भाड्याने राहा, मग घर विकत घ्या: घर छान, दुरुस्तीचं कलम महागात पडणारं (5 पैकी 2.5 तारे)

घराबद्दल तक्रार नाही हे आधीच सांगून टाकते. उजेड भरपूर आहे, खोल्या मोठ्या आहेत, शेजार चांगला आहे. तारे कापलेत ते 'आधी भाड्याने राहा, नंतर विकत घ्या' या योजनेचे, आणि त्यातही दुरुस्ती निघाली की जे गुऱ्हाळ सुरू होतं त्याचे. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. असे बरेच करार एकाच वळणाचे असतात, तेव्हा दुसरीकडे गेलात तरी हेच कलम पुढ्यात येण्याची शक्यता आहे.

योजना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला एक रक्कम भरायची, साधारणपणे घराच्या किमतीच्या 1 ते 5 टक्के. त्या बदल्यात ठरलेल्या मुदतीत, बहुधा 1 ते 3 वर्षांत, ते घर विकत घेण्याचा हक्क मिळतो. भाडं नेहमीपेक्षा जरा चढं असतं आणि त्यातला काही भाग पुढे किमतीतून वजा होतो. घर घेतलं नाही, तर सुरुवातीची रक्कमही गेली आणि साठलेली वजावटही. काही करारांत तर हा हक्क नसतोच, बंधन असतं: मुदत संपली की घर घ्यावंच लागतं. आपला करार कुठल्या प्रकारचा आहे ते सहीच्या आधी बघा, कारण वरवर चाळलं तर दोन्ही कागद सारखेच वाटतात.

आता माझा अनुभव. बिल द्यायची वेळ आली की कंपनीच्या लेखी मी मालकीण, आणि भिंत फोडायची परवानगी मागितली की भाडेकरू. सगळी भांडणं इथूनच निघाली.

बाथरूम आणि झोपायची खोली यांच्यामधल्या भिंतीला लोणा धरला, मग रंगाचे पोपडे सुटले. कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. ॲप दिसायला झकास आहे, पण तक्रारीवर काही दिवस कुणी काही बोललं नाही की ती आपली आपणच 'सोडवली' म्हणून बंद होते. मग त्यांनी पाठवला रंगारी. हो, रंगारी! त्याने भिंत खरवडली, पुट्टी भरली, हात मारला आणि कामाचा फोटो काढून गेला. भिंत पुन्हा फुगली तेव्हा प्लंबर आला.

या प्लंबरला मात्र पैकीच्या पैकी. भिंतीला हात लावायच्या आधी त्याने घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घेतला. थोड्या वेळाने आकडा पुढे सरकलेला होता. म्हणजे गळती दाबाच्या पाइपातच, सांडपाण्याच्या नळीत नाही. (आकडा हलला नसता तर त्याने नहाणीचं तोंड बंद करून रंगीत पाणी साठवून ठेवलं असतं.) मग हातपंपाने एकेका लाइनीत दाब भरला आणि दाब मोजायचं घड्याळ लावलं. थंड पाण्याच्या लाइनवर काटा जागचा हलला नाही. गरम पाण्याच्या लाइनवर मात्र तो सावकाश खाली घसरू लागला. त्याने काही न बोलता पुन्हा पंप मारला. पुन्हा तेच. लाद्या काढल्यावर आत गंजून पातळ झालेला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणावरचा जोड, निघाला. असा गंज काही महिन्यांत चढत नाही, एवढं त्याने माझ्या सांगण्यावरून बिलाच्या मागे लिहून सही करून दिलं. पुढे तेच वाक्य सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं.

आमच्या करारात एका दुरुस्तीमागे ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आमचा आणि वरचा कंपनीचा, असं कलम आहे. वाचताना ठीकच वाटतं. पण कंपनीने एका गळतीची तीन कामं केली: गळती शोधणं, फोडकाम आणि पाइप, आणि मग लाद्या-गिलावा. तीन वेगळी बिलं, प्रत्येक मर्यादेच्या जरा खाली आणि तिन्ही माझ्या नावावर.

मी विमा कंपनीत दावे तपासते. हा खेळ आम्ही उलट्या बाजूने रोज बघतो: एकाच आगीचे दोन दावे, किंवा दोन अपघातांचा मिळून एक. एका कारणातून झालेलं नुकसान एकच धरायचं आणि ग्राहकाने सोसायचा हिस्साही एकदाच कापायचा, ही आमच्याकडची साधी रीत. तेच मी कंपनीला लिहिलं. पत्र एका पानाचं ठेवलं: पहिली तक्रार कधी केली, रंगारी कधी आला, मीटर आणि दाबाच्या चाचणीत काय निघालं, प्लंबरचं लेखी मत, कराराचं कलम, आणि शेवटी मागणी. कारण एक, दुरुस्ती एक, मर्यादाही एकदाच. तुमचा मनस्ताप, मुलांची झोप, रंगाऱ्याचा उद्धटपणा यातलं काहीही पत्रात घालू नका. खरं असलं तरी समोरचा नेमक्या त्याच वाक्याला उत्तर देतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

दिराचं म्हणणं होतं, 'वहिनी, भाडं थांबवा, कसे धावत येतात बघा.' साध्या भाडेकरूसाठीही हे जोखमीचंच, इथे तर हात कापून घेण्यासारखं. भाड्याला उशीर झाला की त्या महिन्याची वजावट बुडते, आणि पुढे घर घेण्याचा हक्कच रद्द करता येतो, असं कलम या करारांत सर्रास असतं, आमच्यात आहे. म्हणून भाडं वेळेवर, पूर्ण भरलं आणि वादातल्या बिलांबद्दल 'हक्क राखून', म्हणजे ती आम्हाला मान्य आहेत असं धरू नका, असं लेखी कळवलं. स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापायची मुभा काही ठिकाणी कायदा देतो, पण आधी लेखी सूचना आणि पुरेसा वेळ द्यावा लागतो. आपल्याकडचा नियम वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

राहायला येण्याआधी आम्ही स्वतःच्या खर्चाने एका स्वतंत्र तपासनीसाकडून घर बघून घेतलं होतं. त्यालाही 5 तारे. त्याच्या अहवालात 'पाण्याच्या लाइनी जुन्या, दाब-चाचणी झालेली नाही' अशी ओळ होती आणि प्रत्येक भिंतीच्या ओलाव्याचा आकडाही. कंपनीचा माणूस तेव्हा हसून म्हणाला होता, 'मॅडम, एवढं कशाला?' हा अहवाल पत्राला जोडल्यावर त्यांचं उत्तर पहिल्यांदा ॲपमधून न येता ईमेलवर आलं.

तरी पैशावर अडलंच. करारात मध्यस्थाची सोय होती, ती वापरली. एकच बैठक झाली, तीही ऑनलाइन. मध्यस्थ बाई शांत होत्या, दोन्हीकडचे कागद वाचून आल्या होत्या. फक्त 'निम्मं-निम्मं करून टाका' हा त्यांचा धोशा जरा जास्त. 4 तारे. निम्म्याला मी तयार झाले नाही. शेवटी मर्यादेपुरता खर्च एकदा आमचा, बाकी सगळा कंपनीचा असं ठरलं. लाद्या आम्ही जुन्यापेक्षा भारी निवडल्या होत्या, तर तो फरक आम्ही दिला. त्यात काही गैर नाही.

या भानगडीत एक गोष्ट माझ्या नव्याने लक्षात आली आणि ती पाइपापेक्षा मोठी आहे. घराची किंमत करारातच ठरलेली असेल तर आपण केलेली सुधारणा आपल्याच पदरात पडते. पण किंमत मुदतीच्या शेवटी मूल्यांकन करून ठरणार असेल, तर आपल्या पैशाने नवं केलेलं बाथरूम ती किंमत वाढवतं आणि ती वाढ आपणच भरतो. आमची किंमत आधी ठरलेली आहे म्हणून वाचलो. मोठा खर्च करायचाच असेल तर तो किमतीतून वजा होईल असं दोघांच्या सहीने लिहून घ्या, काम सुरू व्हायच्या आधी. आणि मूळ मालकाचं घरावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, तेही विचारा. बँकेने घर ओढलं तर आपल्या लाद्याही त्याच्याबरोबर जातात.

मग घ्यावी का ही योजना? कर्ज मिळायला अजून वेळ आहे, पण घर हेच हवं आहे, अशांनी जरूर बघावी. दुरुस्तीला माणूस लवकर पाठवतात, हे मान्य करायलाच हवं. चुकीचा पाठवतात ही गोष्ट वेगळी. ज्यांना कागद सांभाळायचा कंटाळा आहे त्यांनी लांब राहावं. आणि सही करणारच असाल तर दुरुस्तीच्या कलमात 'एका कारणातून उद्भवलेली सर्व कामे मिळून एकच दुरुस्ती' ही ओळ घालायला सांगा. आमच्या करारात ती मध्यस्थीनंतर पुरवणी म्हणून जोडली गेली. नव्या ग्राहकांना जो छापील मसुदा देतात त्यात ती अजूनही नाही. मी मागच्याच आठवड्यात मागवून पाहिला.