सौरक्षेत्रातली नोकरी: कॅलिफोर्निया की टेक्सास?

भाचीच्या हातात दोन ऑफर आहेत, एक कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची, दुसरी टेक्सासातल्या ऑस्टिनची. वॉशिंग्टनचं, म्हणजे केंद्र सरकारचं, वारं सोलरविरुद्ध फिरल्यावर कुठलं राज्य धरावं, हा तिचा प्रश्न.

शाश्वती म्हणाल तर कॅलिफोर्निया. 2045पर्यंत ग्राहकांना विकली जाणारी सगळी वीज कार्बनमुक्त, हे तिथे 2018पासून कायद्यातच आहे. अध्यक्ष बदलला म्हणून ते पुसलं जात नाही. टेक्सासात हवामानाचं नाव कुणी काढत नाही, स्वस्त पडतं म्हणून सोलर लागतं. पण 2025मध्ये पवन-सौरला वेसण घालणारी विधेयकं टेक्सासच्याच राज्य सिनेटने मंजूर केली. राज्याच्या दुसऱ्या सभागृहात, हाउसमध्ये, अडली म्हणून बरं! म्हणजे धोका घरचाच.

वेगात मात्र टेक्सासला तोड नाही. पश्चिमेकडची पवनवीज शहरांत आणायला सुमारे 5,800 किलोमीटरच्या वाहिन्या सरकारी नियोजनातून टाकल्या. ग्रिडही, म्हणजे विजेचं जाळंही, बहुतांशी स्वतःचं, त्यामुळे नव्या प्रकल्पांना जोडणी लवकर मिळते.

घरभाडं, विजेचा युनिटदर? ऑस्टिन स्वस्त, विषय संपला.

धोरण, नियमन यांत रस असेल तर सॅक्रामेंटो. साइटवर उभं राहून मोठे प्रकल्प उभारायचे असतील तर ऑस्टिन. कंपनी छतावरच्या सोलरची असेल, तर घरमालकांची 30 टक्के केंद्रीय करसवलत 2025अखेर संपली आहे. आधी हातातल्या ऑर्डरी किती ते विचार.