दीड वर्षाच्या मुलाबद्दल ऑटिझमची शंका: थांबायचं, फॉर्म भरायचा, मशीनसमोर बसवायचं की थेट तपासणी?

मूल दीड वर्षाचं झालंय, हाक मारली की बघत नाही, बोट दाखवून काही दाखवत नाही, आणि घरातले अर्धे लोक म्हणतायत "अगं मुलगे उशिराच बोलतात, बोलेल की", उरलेले अर्धे रात्री मोबाईलवर सर्च करकरून घाबरलेत. अशा वेळी चार-पाच रस्ते समोर असतात आणि प्रत्येक रस्त्याचा कुणी ना कुणी कट्टर समर्थक भेटतोच. सगळ्यांवर बऱ्यापैकी रिसर्च झालाय, फक्त आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ते शेजारी शेजारी ठेवून बघूया.

आधी बघायचं काय ते. बहुतेकांच्या डोक्यात ऑटिझम म्हणजे हात फडफडवणं, खेळणी रांगेत लावणं, गाडीचं चाक फिरवत बसणं. हे असतं, पण पहिल्या दोन वर्षांत जास्त सांगून जातं ते म्हणजे जे व्हायला हवं होतं आणि होत नाहीये. १९९४ मध्ये ऑस्टरलिंग आणि डॉसन या दोघींनी पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ बघितले, ११ मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली आणि ११ तसं काही नसलेली. बोट दाखवणं, वस्तू आणून दाखवणं, माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं, नावाने हाक मारल्यावर वळणं, एवढ्या चार गोष्टींवरून दोन्ही गटांतली ११ पैकी १० मुलं बरोबर ओळखता आली. अभ्यास छोटा होता पण त्या चार गोष्टी अजूनही जवळपास प्रत्येक चाचणीत आहेत.

यातल्या बोट दाखवण्याबद्दल जरा सविस्तर बोलते कारण इथेच सगळे गोंधळतात. "बोट दाखवतो की, पाणी हवं असलं की दाखवतो!" हो, पण ते मागण्यासाठी झालं. आकाशात विमान दिसलं म्हणून बोट करायचं, आणि मग वळून तुमच्याकडे बघायचं की तुम्ही पण बघितलं का, हे वेगळं. त्यात मुलाला काही हवं नसतं, फक्त तुमच्याबरोबर वाटून घ्यायचं असतं. १९९२ मध्ये बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या मुलांसाठी चॅट नावाची पहिली चाचणी काढली तिचा जीव ह्या दुसऱ्या प्रकारच्या बोटातच होता, जोडीला तुम्ही जिकडे बघताय तिकडे मूल बघतं का आणि खोटं खोटं खेळतं का, जसं रिकामा कप तोंडाला लावून प्यायचं नाटक.

आणि हे कधी दिसतं? ओझोनॉफच्या टीमने २०१० च्या अभ्यासात ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत मुलांचा पाठपुरावा केला तर ६ महिन्यांना पुढे ऑटिझम निघालेली आणि न निघालेली मुलं सारखीच दिसत होती, हसणं, चेहऱ्याकडे बघणं, आवाज काढणं सगळं. फरक नंतर हळूहळू पडत गेला, इतका हळू की बऱ्याच आईवडिलांना काही कमी होतंय हे जाणवलंच नाही. यंत्राने मोजलं तर थोडं आधी दिसतं, जोन्स आणि क्लिन यांच्या २०१३ च्या अभ्यासात २ ते ६ महिन्यांतच डोळ्यांकडे बघणं घसरताना दिसलं होतं, पण ते घरी बसून साध्या नजरेला कळण्यासारखं नाही. तेव्हा "तीन महिन्यांच्या बाळात ऑटिझम ओळखा" टाईप रील्स सरळ पुढे ढकला.

आता पर्याय. पहिला म्हणजे थांबून बघणं, ज्याला उगाच सगळे शिव्या घालतात. मूल वर्षाच्या आतबाहेर असेल तर थांबण्यात तथ्य आहे. पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १,२६९ मुलांची आकडेवारी मांडली त्यात १२-१३ महिन्यांना ऑटिझमचं निदान झालेल्यांपैकी निम्म्याच मुलांचं निदान पुढे टिकलं, १४ महिन्यांना तेच ७९ टक्के आणि १६ महिन्यांना ८३ टक्के. म्हणजे दोन-तीन महिन्यांनी चित्र केवढं पक्कं होतं बघा. पण दीड वर्ष उलटलंय, शब्द नाहीत आणि शिवाय हातवारे, बोट, नजर हेही नाही, तर थांबून काय मिळणार मला खरंच कळत नाही. नुसतंच बोलणं उशिरा असलेलं मूल सहसा हाताने, चेहऱ्याने, तुम्हाला ओढत नेऊन भरपूर बोलत असतं आणि सांगितलेलं समजतही असतं, त्याच्या बाबतीत तारीख ठरवून थांबा, "बघू पुढे" असं नाही. आणि आधी येणारे शब्द किंवा टाटा करणं बंद झालं असेल तर कुठल्याही वयात थांबू नका.

दुसरा पर्याय, फॉर्म. सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे एम-चॅट, सुधारित आवृत्ती २०१४ ची, २० हो-नाही प्रश्न, वय १६ ते ३० महिने, फुकट. स्कोअर ० ते २ म्हणजे सध्या चिंता कमी, ३ ते ७ आला तर त्याच प्रश्नांवर खोलात जाऊन मुलाखत घ्यायची, ८ किंवा जास्त तर थेट तपासणीला पाठवायचं. २०१४ च्या अभ्यासात १६ हजारांवर मुलं होती, मुलाखतीनंतरही ज्यांच्याबद्दल शंका राहिली त्यातल्या ४७.५ टक्के मुलांना ऑटिझम निघाला आणि जवळपास ९५ टक्के मुलांमध्ये विकासाबद्दल काही ना काही चिंता निघाली. ऐकायला मस्त. पण २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या बालरुग्ण नेटवर्कमध्ये रोजच्या ओपीडीत याच फॉर्मची आधीची आवृत्ती कशी चालते ते तपासलं तर पुढे ऑटिझम निघालेल्या मुलांपैकी फॉर्मने जेमतेम ३९ टक्के पकडली होती, आणि फॉर्मने पकडलेल्यांपैकी ऑटिझम निघाला फक्त १५ टक्क्यांना. एवढा फरक का? एक तर रोजच्या धावपळीत ती मुलाखत अनेकदा घेतलीच जात नाही, आणि दुसरं म्हणजे या अभ्यासात फॉर्मवर "ठीक" आलेल्या मुलांचं पुढे काय झालं हेही शोधलं होतं, ते शोधलं की निसटलेली मुलं दिसतात.

फॉर्म भरताना आईवडील जिथे अडकतात ती जागा म्हणजे "कधीतरी करतो". सूचनेत स्पष्ट असतं की एखाद-दोनदा केलंय पण सहसा करत नाही, तर उत्तर नाही. पण गेल्या महिन्यात आजीला एकदा टाटा केला होता ना, मग हो लिहूया. तिथेच स्कोअर खाली येतो. शिवाय २, ५ आणि १२ नंबरचे प्रश्न उलटे आहेत, तिथे "हो" म्हणजे चिंता, घाईत टिकमार्क करत गेलात तर चुकणारच.

तिसरा पर्याय मला सगळ्यात पटतो पण त्याची जाहिरात कोणी करत नाही: ट्रेनिंग घेतलेल्या माणसाने मुलाला स्वतः, परत परत बघणं. ऑस्ट्रेलियात बार्बारो यांच्या टीमने तिथल्या नर्सेसना हे शिकवलं, १२, १८ आणि २४ महिन्यांच्या नेहमीच्या भेटीतच बोट, नजर, टाटा, नक्कल, नावाला प्रतिसाद वगैरे बघायचं. २०२२ मध्ये १३,५११ मुलांचे निकाल आले. नर्सला ज्यांच्याबद्दल शंका आली आणि जी पुढे तपासली गेली त्यातली ८३ टक्के खरोखर ऑटिस्टिक निघाली, फॉर्मच्या १५ किंवा ४७ शेजारी हा आकडा ठेवून बघा. पण हेही सगळं पकडत नाही हं, दोन वर्षांपर्यंत ६२ टक्केच सापडली होती, साडेतीन वर्षांना परत बघितल्यावर ते ९६ वर गेलं. म्हणजे खरी ताकद नजरेत आहे तेवढीच परत परत बघण्यात आहे.

नाहीतर एकदाच, घाईत बघण्याचं काय होतं ते २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं. तज्ज्ञांना मुलांचे १०-१० मिनिटांचे व्हिडिओ दाखवले, फक्त तेवढंच, तर ऑटिझम असलेल्या ३९ टक्के मुलांना त्यांनी पुढे पाठवायची गरज नाही म्हटलं, कारण दहा मिनिटांत बहुतेक वेळ मूल इतर मुलांसारखंच वागत असतं. "डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाले" ह्या वाक्यावर निर्धास्त होण्याआधी किती वेळ बघितलं ते विचारा, आणि घरचे व्हिडिओ बरोबर न्या, चांगले वाईट दोन्ही.

चौथा, मशीन आणि ॲप. चर्चा जोरदार आहे, त्यामुळे आकडे नीट बघायला हवेत. अर्लीपॉईंट नावाचं डोळ्यांची हालचाल टिपणारं उपकरण, अमेरिकेत एफडीएची (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) परवानगी २०२२ मध्ये मिळाली, १६ ते ३० महिन्यांसाठी. २०२३ च्या अभ्यासात ४७५ मुलांमध्ये ऑटिझम असलेल्यांपैकी ७१ टक्के पकडली आणि नसलेल्यांपैकी जवळपास ८१ टक्के बरोबर वगळली. ही मुलं आधीच स्पेशालिटी क्लिनिकपर्यंत पोचलेली होती, रस्त्यावरचं कुठलंही मूल नव्हे. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या सेन्सटूनो ॲपचे निकाल आले, टॅबलेटवर छोटे व्हिडिओ दाखवून मुलाचे हावभाव, नजर, नावाला वळणं कॅमेऱ्याने टिपायचं, ऑटिझम असलेल्यांपैकी ८८ टक्के पकडली, नसलेल्यांपैकी ८१ टक्के बरोबर वगळली, आणि हे साध्या चेकअपला आलेल्या मुलांमध्ये, म्हणून मला ते जास्त दखल घेण्यासारखं वाटतं. तरी ॲपने ज्यांना शंकास्पद म्हटलं त्यातल्या साधारण ४० टक्क्यांनाच ऑटिझम होता. आईवडिलांची उत्तरं आणि घरचे व्हिडिओ तपासणाऱ्या कॅनव्हास डीएक्स या सॉफ्टवेअरला २०२१ मध्ये परवानगी मिळाली, त्याच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मुलांसाठी उत्तर "सांगता येत नाही" असंच आलं, जे प्रामाणिक आहे पण ज्याला आज उत्तर हवंय त्याला काय उपयोग. थोडक्यात, तज्ज्ञाच्या हातात असेल तर जोडीला चांगलं, स्वतः डाउनलोड करून निकाल लावायला नको.

पाचवा, पूर्ण तपासणी. यात अडॉस-२ नावाची चाचणी असते, तिचा १२ ते ३० महिन्यांसाठी वेगळा भाग आहे, खेळता खेळता तपासतात, जोडीला आईवडिलांची लांबलचक मुलाखत, विकासाची चाचणी, आणि ऐकण्याची तपासणी, जी खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवी, हाकेला न वळण्याचं कारण कानातही असू शकतं. नुसत्या अडॉसच्या स्कोअरवर कोणी निदान हातात ठेवत असेल तर दुसरं मत घ्या. वर म्हटलेल्या पिअर्सच्या अभ्यासात एकूण ८४ टक्के निदानं टिकली, पण पुढे ऑटिझम ठरलेल्यांपैकी जवळपास पाव मुलं पहिल्या भेटीत सुटली होती. म्हणजे लहान वयात "हो" जेवढं पक्कं तेवढं "नाही" पक्कं नसतं. मुलींच्या बाबतीत तर निदान एकूणच उशिरा होतं.

इथे एक वाद कानावर येईल. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते १८ आणि २४ महिन्यांना सगळ्याच मुलांचं स्क्रीनिंग करा, आणि तिथल्याच दुसऱ्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये म्हटलं की पुरेसा पुरावा नाही. लोक दुसरं वाक्य अर्धवट वाचून "बघा, गरज नाही" म्हणतात. ते वाक्य ज्यांच्याबद्दल कोणालाच काही चिंता नाही अशा मुलांबद्दल आहे. तुम्हाला चिंता आहे, म्हणजे तुम्ही त्या वाक्याच्या बाहेर आहात.

मी असते तर क्रम असा लावला असता: कानाची तपासणी, फॉर्म मुलाखतीसकट, आणि त्याच दिवशी पूर्ण तपासणीसाठी नाव नोंदवून टाकायचं, फॉर्मच्या निकालाची वाट न बघता, कारण रांगा लांब असतात आणि नंतर नाव काढून घेता येतं. मधल्या काळात हात बांधून बसायचं कारण नाही. २०२१ मध्ये व्हाइटहाउस आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीची लक्षणं दिसणाऱ्या १०३ बाळांवर प्रयोग केला, निदानाच्या आधीच, आईवडिलांना त्यांच्याच खेळण्याचे व्हिडिओ दाखवून बाळाचे इशारे ओळखायला शिकवलं. तीन वर्षांना ऑटिझमचे निकष पूर्ण करणारी मुलं या गटात ६.७ टक्के, दुसऱ्या गटात २०.५ टक्के. एकच अभ्यास आहे, लहान आहे, त्यावरून कोणी गॅरंटी देत असेल तर पळा. पण असं काही शिकायला निदानाचा कागद लागत नाही.

आणि मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर हा सगळा क्रम विसरा. अशा घरात धाकट्याला ऑटिझम असण्याचं प्रमाण २०११ च्या अभ्यासात १८.७ टक्के होतं, २०२४ मध्ये जास्त मुलं घेऊन परत मोजलं तर २०.२, म्हणजे पाचातलं एक. इथे फॉर्मवर "ठीक" आलं तरी पाठपुरावा सोडू नका, पहिल्या वाढदिवसाच्या आधीपासून माहीतगार माणसाकडे दर काही महिन्यांनी दाखवत राहा, आणि तिसरं वर्ष सरेपर्यंत फाईल बंद करायला कोणी सांगितलं तरी पुढची तारीख मागून घ्या.