बीअरबेरा: द्राक्षानं स्वतः आंबवलेली बिअर

आमचं घर तासगावकडचं, घरात द्राक्षबाग, आणि मी सध्या इटलीतल्या तोरिनोत राहतो. त्यामुळं इथं सप्टेंबर लागला आणि टेकड्यांवर द्राक्षतोड सुरू झाली की मला राहवत नाही, सुट्टीच्या दिवशी बस पकडून बागा बघायला जातोच. त्या फिरण्यातूनच बीअरबेराचं नाव कळलं आणि गेल्या आठवड्यात दोन बाटल्या आणल्या. तोरिनोजवळच मारेन्तीनो नावाचं गाव आहे, तिथल्या लव्हरबिअर ब्रुअरीची ही बिअर, वाल्तेर लोव्हेरिएर यांची. नाव म्हणजे बिअर अधिक बार्बेरा, आणि बार्बेरा हे इथल्या पिएमोंते भागाचं अस्सल गावरान काळं द्राक्ष.

आधीच सांगतो, आंबट बिअरबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. पहिल्यांदा प्यायलो होतो ती एका बारमध्ये, आणि ती सरळ सरळ व्हिनेगर होती, घशातनं खाली जाईना. म्हणून ही बाटली उघडतानाही मनात धाकधूक होती.

फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतली, ते करू नका. पहिल्या दोन घोटांत फक्त आंबटपणा जाणवला, बाकी काही नाही. वीसेक मिनिटं ग्लास तसाच ठेवला आणि मग वास घेतला तर ही वेगळीच बिअर. वाईनचा मोठा ग्लास घ्या, बिअरचा मग नको, कारण अर्धी मजा वासात आहे. रंग डाळिंबाच्या रसाचा, थोडा तपकिरीकडं झुकलेला, फेस पातळ आणि पटकन बसणारा. वासात आधी पिकलेली करवंदं, मग भिजवलेले काळे मनुके, आणि त्याच्या मागून ओल्या लाकडाचा आणि गोठ्यात वाळल्या गवताच्या पेंढ्या रचल्यावर येतो तसा वास, ऐकायला विचित्र वाटेल पण मला तो घरचा वाटला. हा गोठ्याचा वास ब्रेटॅनोमायसिस नावाच्या जंगली यीस्टमुळं येतो, वाईनवाले त्याला घाबरतात आणि आंबट बिअर करणारे त्याची वाट बघतात.

चव म्हणाल तर आंबटपणा लिंबाचा नाही, आमसुलाचा आहे, गोलसर, जिभेच्या दोन्ही बाजूंना पाणी सुटतं. मध्ये फळाची चव येते पण गोडवा जवळजवळ नाही, सगळी साखर यीस्टनं खाल्लेली. आणि शेवटी जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी तुरट होते तसा तुरटपणा, तो बराच वेळ राहतो. अल्कोहोल ८ टक्के आहे, अजिबात कळत नाही, म्हणून सावकाश प्या. कडवटपणा शोधू नका, हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, ती फार घातली तर आंबटपणा आणणारे बॅक्टेरिया वाढत नाहीत, म्हणून अशा बिअरमध्ये हॉप्स हात राखूनच घालतात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हिचं बनवणं. द्राक्षाचा फ्लेव्हर टाकलेली बिअर असा प्रकार हा नाही. जवाच्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोड रस काढायचा, त्यात ठेचलेली बार्बेरा द्राक्षं घालायची, आणि बाहेरचं यीस्ट घालायचंच नाही, द्राक्षाच्या सालीवर जे यीस्ट बागेतून येतं तेच सगळं आंबवतं. मग ओकच्या लाकडी पिंपात मुरत ठेवायचं. लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबानं आत जाते, तेवढी लागतेच, जास्त गेली की मग मी बारमध्ये प्यायलो ते व्हिनेगर. सगळी कसरत इथंच आहे.

आणि द्राक्ष बार्बेराच का, तर ते पूर्ण पिकलं तरी आंबटपणा सोडत नाही, आणि त्यात तुरटपणा कमी असतो. याच भागातली बारोलो वाईन नेब्बिओलो द्राक्षाची, ती राजाची म्हणून मिरवते, तिच्यात तुरटपणा भरपूर. बार्बेरा मात्र इथल्या लोकांची रोजच्या जेवणाची साधी वाईन. बिअरला आंबट आणि फारसं तुरट नसलेलं द्राक्ष हवं होतं, तुरटपणाचं काम ओक थोडंफार करतोच, म्हणजे जोडी बरोबर जुळली.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर दादाला सांगत होतो तर तो म्हणाला, "आंबट माल आपल्याकडं व्यापारी गाडीत चढवू देत नाही रे." खरं आहे. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळा जीव गोडीवर असतो, मीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, १८ दिसलं की मगच घरात सगळ्यांना झोप लागते. मण्याचा आंबटपणा म्हणजे कच्चा माल, एवढंच मला लहानपणापासून माहीत. आणि इथं त्याच आंबटपणावर माणूस एवढं काम करतो, महिनोन्महिने पिंपाशी बसतो, हे बघून मला खरंच भरून आलं.

इटलीत क्राफ्ट बिअर तशी नवीनच, याच पिएमोंतेतल्या पिओत्सो गावात बालादिन सुरू झाली ती १९९६ साली. पण द्राक्ष आणि बिअर एकत्र आणायचं काम इटलीतल्या ब्रुअरींनी असं केलं की २०१५ मध्ये बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेनं इटालियन ग्रेप एल, म्हणजे द्राक्ष घातलेली इटालियन बिअर, हा प्रकार आपल्या यादीत घेतला.

सोबत खायला इथलं तोमा चीज घेतलं होतं, चांगलं लागलं. पण खरी मजा आली ती घरून आलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, चटणीचं तेल आणि तिखट त्या आंबटपणानं धुऊन निघतं आणि पुढचा घास परत नवा लागतो. गोड काही ठेवू नका, बिअर उगाच कडक वाटते. ज्यांना थंडगार हलकी लागर आवडते त्यांनी एक बाटली दोघा-तिघांत वाटून घ्या, पूर्ण एकट्यानं संपणार नाही. वाईन पिणाऱ्यांना मात्र डोळे झाकून सांगेन, घ्याच.

दुसरी बाटली कपाटात अंधारात उभी ठेवलीय. पावसाळ्यात बागेला जरा उसंत मिळाली की दादा इकडं येतोय, तेव्हा उघडू. त्यानं बिअरबद्दल फार काही विचारलं नाही, त्याचा एकच प्रश्न आहे, तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवतात, नाहीतर सालीवरचं यीस्ट जगणार कसं. हा प्रश्न घेऊन आम्ही दोघं मारेन्तीनोला जाणार आहोत.