.३८ स्पेशल, ओतीव शिशाची गोळी आणि चार प्रकारची बंदुकीची दारू : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या जूनअखेरपर्यंत मी एकाच रिव्हॉल्व्हरमधून, एकाच साच्यात ओतलेल्या गोळ्या आणि एकाच प्रकारचे प्रायमर (काडतुसाच्या बुडातला, दारू पेटवणारा भाग) वापरून चार प्रकारच्या दारूंची तुलना केली. रिव्हॉल्व्हर आहे स्मिथ अँड वेसनचे मॉडेल १४, सहा इंची नळीचे, काडतूस .३८ स्पेशल, गोळी १५८ ग्रेन (सुमारे दहा ग्रॅम) वजनाची, सपाट नाकाची आणि खांदा असलेली. दारूंपैकी बुल्सआय, युनिक, एचपी-३८ आणि टायटग्रुप या चौघींची रीतसर तुलना केली. ट्रेल बॉसचा एक जुना अर्धा डबा शिल्लक होता, तोही संपवला. मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात राहतो आणि येथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरणे कायदेशीर आहे. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, त्यामुळे तेथील वाचकांनी हा लेख केवळ माहिती म्हणून वाचावा. कोणत्या दारूचे किती ग्रेन भरले हेही मी मुद्दाम लिहिलेले नाही. तो आकडा उत्पादकाच्या चालू वर्षाच्या तक्त्यातूनच घ्यायचा असतो, खालच्या टोकापासून सुरुवात करायची असते, आणि कोणाच्या लेखातून तो उचलण्याची सवय लागू नये असे मला मनापासून वाटते.

या तुलनेत सर्वांत जास्त महत्त्व कशाला द्यायचे, याबद्दल माझे मत नऊ महिन्यांत बदलले. सुरुवातीला मी वेग आणि नेम यांच्याकडे पाहत होतो. आता मी आधी पुंगळीतल्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचातल्या, रिकाम्या जागेकडे पाहतो.

याचे कारण काडतुसाच्या इतिहासात आहे. .३८ स्पेशल एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आले, आणि त्याची पुंगळी काळ्या दारूसाठी बेतलेली होती. सुमारे २१ ग्रेन काळी दारू तीत मावत असे. धूरविरहित दारू त्याच सुमारास रुळू लागली (बुल्सआय १८९८ची, युनिक १९००ची), आणि तेच काम या नव्या दारूच्या चार-पाच ग्रेनमध्ये होऊ लागले. पुंगळीची लांबी मात्र तीच राहिली. त्यामुळे आज आपण जी पुंगळी भरतो, तिचा मोठा भाग रिकामा असतो, आणि त्यातून दोन अडचणी निघतात. एक म्हणजे दारू प्रायमरपाशी आहे की गोळीच्या बुडाशी सरकली आहे, यानुसार ती वेगवेगळी पेटते. दुसरी अधिक गंभीर आहे : चुकून दोनदा दारू पडली तरी पुंगळी ओसंडत नाही आणि नजर फसू शकते.

पहिली अडचण तपासण्यासाठी मी प्रत्येक दारूची वीस-वीस काडतुसे वेगमापकावरून झाडली. दहा वेळा नळी आधी आकाशाकडे करून सावकाश आडवी आणली, म्हणजे दारू प्रायमरकडे बसली. दहा वेळा नळी जमिनीकडे करून सावकाश वर आणली, म्हणजे दारू गोळीकडे गेली. युनिक आणि एचपी-३८ या दोन्हींमध्ये फरक लगेच दिसला. दारू पुढे सरकलेली असताना वेग स्पष्टपणे घटला आणि आवाजही कानाला मऊ लागला. बुल्सआयमध्ये फरक कमी होता. टायटग्रुपमध्ये तो जवळजवळ नव्हताच. तिची ख्यातीही तशीच आहे. म्हणून केवळ या एका कसोटीवर निकाल द्यायचा असता तर टायटग्रुप निर्विवाद पहिली आली असती, आणि डिसेंबरपर्यंत मी तसेच मानत होतो.

फेब्रुवारीत जे घडले त्यात दोष सर्वस्वी माझा होता. पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून मी टायटग्रुप भरत होतो. मध्येच फोन आला, मी उठलो, परत येऊन पुढच्या ओळीपासून सुरुवात केली. गोळ्या बसवण्यापूर्वी विजेरी धरून प्रत्येक पुंगळीत पाहण्याचा माझा नियम आहे. त्या तपासणीत एका पुंगळीतली पातळी शेजारणीपेक्षा किंचित वर वाटली. तराजूवर ओतली तेव्हा ती बरोबर दुप्पट निघाली. ही दारू वजनाच्या मानाने थोडक्या जागेत बसते, आणि म्हणूनच दुप्पट मापही पुंगळीच्या निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. पिवळ्या उजेडात, थकलेल्या डोळ्यांनी ती सहज निसटली असती. .३८ स्पेशलसाठी दाबाची ठरवलेली कमाल मर्यादा १७,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. अतिजलद जळणाऱ्या दारूचे दुप्पट माप ती मर्यादा किती ओलांडेल याचा विचारही नको वाटतो. त्या संध्याकाळी मी पन्नासच्या पन्नास पुंगळ्या रिकाम्या केल्या. तेव्हापासून दारू टाकली की त्याच हाताने लगेच गोळी बसवतो, आणि काम मध्येच सोडावे लागले तर पूर्ण ठोकळा ओतून नव्याने सुरुवात करतो.

ट्रेल बॉस याच्या अगदी उलट टोकाची आहे. तिचे दाणे मेदूवड्यासारखे, मध्ये भोक असलेले. त्यामुळे थोडे वजनही पुष्कळ जागा व्यापते, पुंगळी बरीच भरलेली दिसते आणि दुप्पट माप पडले तर डोळ्यांना लगेच कळते. ती ऑस्ट्रेलियात तयार होत असे आणि मंद वेगाच्या शिशाच्या गोळ्यांसाठीच बेतलेली होती. तिला गोळीने दाबून बसवायचे नसते, एवढी एकच अट. नवशिक्याला मी हीच सुचवली असती, पण गेली काही वर्षे ती दुकानांत मिळेनाशी झाली आहे, म्हणून तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता शिशाबद्दल. माझा मिश्रधातू मोटारींच्या चाकांना लावतात त्या जुन्या वजनांचा असून त्यात थोडे कथील घातलेले आहे. त्याची ब्रिनेल कठिणता (धातू किती कठीण आहे हे मोजण्याचे एक माप) बाराच्या आसपास येते. ओतकाम करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब रूढ आहे : कठिणतेला १४२२ने गुणले की जो दाब येतो, तेवढ्या दाबाला गोळीचे बूड फुगून नळीच्या खाचा भरू लागते. बारा गुणिले १४२२ म्हणजे सतरा हजारांच्या थोडे वर, म्हणजेच या काडतुसाची कमाल मर्यादा. यावरून ध्यानात येते की बाजारात ‘कठीण’ म्हणून मिरवणाऱ्या गोळ्या .३८ स्पेशलच्या सौम्य दाबाला फुगतच नाहीत, बाजूने वायू निसटतो आणि तोच शिसे वितळवून नळीत लेप देतो. लोक दारूला दोष देतात, पण माझ्या पाहणीत नळीतले शिसे आधी गोळीच्या व्यासावर अवलंबून असते. माझ्या सिलिंडरची पुढची तोंडे .३५८ इंचांची आहेत. मी गोळ्या तेवढ्याच व्यासाच्या ठेवू लागल्यावर चारही दारूंनी नळी जवळजवळ स्वच्छ ठेवली, त्याआधी .३५७च्या गोळ्यांनी चारहींमध्ये शिसे धरले होते.

तरीही दारूचा वाटा शून्य नाही. टायटग्रुपची ज्योत अधिक तप्त असते. पन्नास फैरींनंतर सिलिंडरला हात लावून हे कळते, आणि मेण व अॅलॉक्स (एक तयार वंगणद्रव्य) समभाग मिसळून केलेल्या माझ्या वंगणाचा धूर तिच्याबरोबर सर्वांत दाट झाला. बंदिस्त रेंजवर त्यामुळे पुढची फैर झाडण्याआधी थांबावे लागे. बुल्सआयचा धूरही कमी नाही, पण काजळी मऊ असते आणि कापडाने निघते.

युनिकबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तक्रारही. तिच्या चकत्या मोठ्या, पातळ टिकल्यांसारख्या आहेत. माप यंत्राचा दांडा फिरवताना त्या कापल्या जातात आणि हाताला कचकच जाणवते. दहा मापे एकत्र वजन केली तर सरासरी ठीक येते, पण सुटे माप एकदा कमी, एकदा जास्त पडते. दांडा दरवेळी त्याच जोराने, वरच्या टोकाला एकदा ठोकून फिरवला की हा फरक बराच कमी होतो. ही सवय लागायला मला महिना लागला. दुसरी गोष्ट रिव्हॉल्व्हरवाल्यांनी अवश्य लक्षात घ्यावी. सौम्य मापाला युनिक पूर्ण जळत नाही आणि न जळलेल्या चकत्या पुंगळ्या बाहेर काढताना चांदणीखाली (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) जाऊन बसतात. चांदणी केसभर वर राहिली की सिलिंडर फिरताना घासतो किंवा बंदच होत नाही. नळी पूर्णपणे आकाशाकडे करून पुंगळ्या एका झटक्यात काढल्या तर चकत्या त्यांच्याबरोबर खाली पडतात. माप तक्त्याच्या वरच्या निम्म्यात नेले तर मात्र हीच दारू स्वच्छ जळते, आणि त्या जागी तिने मला २५ यार्डांवर सर्वांत घट्ट गट (लक्ष्यावर जवळजवळ पडलेली भोके) दिले. पुंगळीत ती जागाही बऱ्यापैकी व्यापते, त्यामुळे विजेरीच्या तपासणीत तिची पातळी ओळखू येते.

एचपी-३८ माप यंत्रातून पाण्यासारखी उतरते. तिचे दाणे चपटे केलेल्या खसखशीसारखे आहेत, आणि सुट्या मापांमधला फरक माझ्या तराजूला क्वचितच जाणवला. विंचेस्टर २३१ या नावाने विकली जाते ती हीच दारू, त्यामुळे एक डबा मिळाला नाही तर दुसरा शोधता येतो. टंचाईच्या काळात ही सोय फार मोलाची ठरते. जागा ती टायटग्रुपपेक्षा अधिक आणि युनिकपेक्षा कमी घेते. दारू पुढे सरकली की वेग घटतो हा तिचा दोष खराच. पण कागदी लक्ष्यावर झाडताना मी दर फैरीला नळी थोडी वर उचलून आडवी आणतो, आणि तेवढ्याने फैरींच्या वेगांतला फरक पुरेसा आटोक्यात येतो.

खर्चाबद्दल एवढेच : एका पौंडात ७००० ग्रेन असतात, आणि दर काडतुसाला सरासरी चार ग्रेन धरले तरी साडेसतराशे काडतुसे होतात. दोन दारूंच्या किमतीतला फरक एवढ्या काडतुसांत वाटला गेला की तो निवडीचा निकष राहत नाही. प्रायमर खूपच महाग पडतात.

सध्या माझ्या फळीवर रोजच्या सरावासाठी एचपी-३८ आहे आणि वरच्या मापासाठी युनिक. टायटग्रुपचा उरलेला डबा मी एका अनुभवी मित्राला मूळ डब्यासकट दिला. तो एका वेळी एकच पुंगळी भरतो आणि तिच्यावर संतुष्ट आहे. बुल्सआयचा निकाल मी राखून ठेवला आहे, कारण तिला न्याय देणारी गोळी माझ्याकडे नव्हती. पूर्ण सपाट, दंडगोलासारखी वॉडकटर गोळी पुंगळीच्या तोंडापर्यंत आत बसते, रिकामी जागा त्यामुळे खूप घटते, आणि नेमबाजी स्पर्धांमध्ये बुल्सआय अनेक दशके याच गोळीखाली भरली गेली. तसा १४८ ग्रेनचा साचा मागवला आहे. तो आला की सप्टेंबरमध्ये थंडी पडण्यापूर्वी पहिल्या शंभर गोळ्या ओतीन.