बिलाचं बीजी-2 की चोर बीटी: सरकी घेण्याआधी

मृगाच्या तोंडावर गावात दोनच गोष्टी विचारल्या जातात. पाऊस कधी येतो, आणि यंदा सरकी कोणती? पूर्वी दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ "कोणत्या कंपनीची" एवढाच होता. आता अर्थ वेगळा आहे. कृषी केंद्रातून बिल घेऊन मंजूर बीजी-2, म्हणजे बोंडअळीविरुद्धची दोन जनुकं असलेली बीटी कपाशी आणायची, की ओळखीतून घरपोच येणारं, तणनाशक फवारलं तरी न मरणारं बिगरमंजुरीचं बीटी, म्हणजे आपलं चोर बीटी लावायचं? दोन्ही पाहून मी पहिल्या बाजूला आलो आहे. तरी दुसऱ्या बाजूचे लोक वेडे नाहीत. त्यांची अडचण खरी आहे, म्हणून ती आधी नीट मांडतो.

कायद्याचं थोडक्यात. पहिल्या तीन बीटी संकरित वाणांना 26 मार्च 2002 ला मंजुरी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचं बीजी-2 आलं. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या (एचटीबीटी) मंजुरीचा अर्ज मात्र तो करणाऱ्या कंपनीनेच 2016 मध्ये मागे घेतला आणि त्या कपाशीला मंजुरी मिळालीच नाही. त्यामुळे एचटीबीटीची विक्री आणि लागवड पर्यावरण संरक्षण कायदा 1986 व त्याखालच्या 1989 च्या नियमांविरुद्ध ठरते. त्याशिवाय आपल्या राज्याचा 2009 चा कापूस बियाणे कायदा आहेच. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने उघडपणे हे बियाणं पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान वापरायची मोकळीक मिळावी, ही त्यांची मागणी मला चुकीची वाटत नाही. पण मागणी रास्त असणं आणि हातातलं पाकीट खात्रीचं असणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला बोलायचं आहे ते पाकिटाबद्दल.

बोंडअळीवरून निवड करू नका. हिरव्या आणि ठिपक्याच्या बोंडअळीला बीटी अजून बऱ्यापैकी आवरतं, गुलाबी मात्र बीजी-2 ला जुमानत नाही. 2017 च्या हंगामात ते सगळ्यांनी पाहिलं. चोर बीटीतही फार तर हीच दोन जनुकं असतात, त्यामुळे गुलाबीपुढे दोघांची ताकद सारखीच. काम दोन्हीकडे तेच करावं लागतं: 1 जूनच्या आधी लागवड नाही, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले किंवा वीस हिरवी बोंडं फोडून दोनांत जिवंत अळी सापडली की फवारणी, पात्या-फुलांत डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करणं, आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटणं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवलं, तर दोन्ही वाणं सारखीच बुडवतात.

खरा मुद्दा तणाचा आहे. आपल्या काळ्या जमिनीत जुलैची झड लागली की दहा-बारा दिवस वाफसा येत नाही, डवरा (बैलांचं कोळपं) चालत नाही, निंदणाला बायका मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हव्या असतात. तोवर केना आणि लव्हाळा पऱ्हाटीच्या वर जातात. अशा वेळी चोर बीटीवर ग्लायफोसेट या तणनाशकाचा एक पंप मारला की तण जळतं आणि पीक उभं राहतं, हे आकर्षण मोठं आहे. हरळी आणि कुंद्यावर तर मंजूर तणनाशकांपेक्षा त्याचा परिणाम निःसंशय चांगला. केना मात्र त्यालाही फारशी दाद देत नाही. वर्षानुवर्षं तेच फवारलं की शेतात केनाच उरतो.

मंजूर बियाण्यात हेच काम दोन टप्प्यांत करावं लागतं. सरकी टोबल्यावर (लावल्यावर) 48 तासांच्या आत, जमिनीत ओल असताना, पेंडीमेथॅलीन 38.7 टक्के सीएस एकरी 700 मिली. कोरड्या मातीवर मारलं तर पैसे गेले, कारण ओलीशिवाय त्याचा थरच बसत नाही. ढेकळं राहिली असतील तरी तेच, ढेकळाखालचं तण सुखरूप वर येतं. मग वीस-पंचवीस दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना, पायरीथायोबॅक सोडियम 6 टक्के अधिक क्विझालोफॉप 4 टक्के हे मिश्रण एकरी 400 ते 500 मिली, 200 लिटर पाण्यात. पायरीथायोबॅक रुंद पानांचं तण घेतं, क्विझालोफॉप गवतवर्गीय. कपाशी आठवडाभर पिवळी पडते, मग सावरते. पिवळेपणा पाहून घाबरून लगेच युरिया टाकायची गरज नसते. तण वितभर झाल्यावर फवारलं तर फक्त शेंडा करपतो आणि खालून फुटवा येतो. लोक "औषध चालत नाही" म्हणतात ते बहुतेक वेळा याच उशिरामुळे. लव्हाळ्याला यातलं काहीच नीट लागत नाही, तिथे डवरणी आणि एक निंदण आलंच. मजुरीचा हिशोब केला तर इथे चोर बीटी पुढे आहे, हे मान्य करायला हवं.

पण माझा निर्णय ज्यावर झाला ती गोष्ट वेगळी आहे: फवारणीनंतर पडणारे खाडे, म्हणजे ओळीत झाडं मरून राहणाऱ्या रिकाम्या जागा.

मंजूर बियाण्यातही खाडे पडतात, पण ते उगवणीतच दिसतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कळायला लागतं, आणि आठ-दहा दिवसांच्या आत पुन्हा सरकी टोबून किंवा पिशवीत वाढवलेलं रोप लावून तास (ओळ) पूर्ण करता येतो. चोर बीटीत उगवण छान होते, तास भरलेला दिसतो. पंचवीस दिवसांचं पीक झाल्यावर ग्लायफोसेट मारलं जातं. पहिले तीन-चार दिवस काहीच दिसत नाही. मग तणाबरोबर काही पऱ्हाट्याही शेंड्याकडून पिवळ्या पडतात, पानं आत वळतात, आणि पंधराव्या दिवशी त्या जागी वाळलेली काडी उरते. कुठे एकेक झाड, कुठे सलग चार-पाच. तोवर पीक चाळीस दिवसांचं झालेलं असतं. आता तिथे सरकी टोबली तर शेजारच्या झाडांच्या सावलीत ती गुडघ्याच्या वर जात नाही. खत टाकून झालेलं, फवारणी झालेली, आणि भरता न येणारे खाडे.

असं का होतं, तेही समजून घ्यावं. संकरित वाणात नवं जनुक बहुधा एकाच पालकाकडून आलेलं असतं. अशा पिकाची सरकी जिनिंगमधून उचलून, रंग लावून पुन्हा बियाणं म्हणून विकली, तर वारशाच्या साध्या नियमाने चारांत एक दाणा त्या जनुकाशिवाय निघतो. बीटी जनुकाचंही तसंच. त्यात साधी सरकी मिसळलेली असेल तर प्रमाण आणखी बिघडतं. रंगलेला दाणा हातात घेऊन यातलं काहीही ओळखता येत नाही, भल्याभल्यांना नाही. पान चुरडून तपासपट्टीवर तपासलं तरच त्या जनुकाचं प्रथिन आहे की नाही ते कळतं. मंजूर पाकिटामागे तपासणी असते, नमुने काढले जातात, लॉट नंबर असतो, आणि नमुना नापास झाला तर कुणाला धरायचं ते माहीत असतं. चोर पाकिटावर कधी कंपनीचं नावच नसतं, कधी असतं ते दुसऱ्या वर्षी बदललेलं असतं. सगळीच पाकिटं अशी निघतात असं मी म्हणणार नाही. चांगलं निघालेलंही पाहिलं आहे. पण कोणतं चांगलं निघेल हे पेरण्याआधी कळायचा मार्गच नाही, आणि माझ्या दृष्टीने तिथेच पारडं झुकलं.

मग तुरीचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे निव्वळ कपाशी फार थोडे लावतात. सहा-आठ तासांनंतर तुरीचा एक तास असतोच, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची कपाशी-ज्वारी-तूर-ज्वारी 6:1:2:1 ही शिफारसही जुनी आहे. मधून मधून बरबटी, अंबाडी, चार भेंड्या. ग्लायफोसेट यातलं काहीच ओळखत नाही. हुड लावून, वारा पाहून मारलं तरी तुरीच्या खालच्या पानांवर उडतंच, आणि शेवटी लोक तूर सोडून देतात. बोंडअळीने कपाशी गेली तर वर्षाचा खर्च काढणारं पीक तेच. धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) दुसऱ्याचं सोयाबीन असेल तर भांडणही ठरलेलं. पायरीथायोबॅकसुद्धा तुरीवर उडू देऊ नये, पण ते एकदाच, कमी उंचीवर, तासांच्या मधून मारायचं असल्याने सांभाळता येतं. तणनाशकाचा पंप मात्र दोन्ही बाबतींत वेगळाच ठेवा. नळीत आणि नोझलमध्ये राहिलेला अंश पुढच्या कीटकनाशकाबरोबर पिकावर जातो. आणि ग्लायफोसेटची आपल्याकडची नोंदणी चहाचे मळे व बिगरपिकाच्या जागेसाठी आहे, कपाशीसाठी नाही. त्यामुळे औषधाने नुकसान झालं तर तिथेही दाद मागता येत नाही.

बिलाच्या बाजूची दुखणीही सांगितली पाहिजेत. 2025 च्या हंगामात 475 ग्रॅम बीजी-2 पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती. पण गाजलेला वाण जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या किमतीत मिळेलच असं नाही, किंवा मिळतो तो लिंकिंग करून: पाकिटाबरोबर नको असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्य किंवा टॉनिक गळ्यात मारतात. हा सरळ अन्याय आहे आणि चोर बीटीकडे लोकांना ढकलण्यात त्याचा मोठा वाटा आहे. उपाय एकच, एका वाणावर अडून बसायचं नाही. तीन-चार वाणांची यादी ठेवा. हलक्या जमिनीला 150-160 दिवसांत मोकळा होणारा, भारी ओलिताच्या जमिनीला थोडा लांब, आणि दोन्हीकडे रसशोषक किडींना सहनशील असा. नावापेक्षा हे तीन गुण पाहिले तर जूनच्या गर्दीत उभं राहावं लागत नाही.

दुसरी तक्रार गैरसमजातून येते. पूर्वी बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी यायची. शेताच्या कडेने लावायची ती पुडी बहुतेकांनी धुऱ्यावर फेकली. आता तेच बियाणं पाकिटात मिसळून येतं, 5 ते 10 टक्के. म्हणून शेतात अधूनमधून एखाद्या झाडावर हिरवी बोंडअळी दिसते आणि बियाणं बोगस असल्याची ओरड होते. ती झाडं मुद्दाम आहेत. त्यांच्यावर वाढलेले, बीटीला बळी पडू शकणारे पतंग प्रतिकारक पतंगांशी मिसळतात आणि प्रतिकार पसरण्याचा वेग कमी होतो. चोर पाकिटात ही सोय कुणी करत नाही. एका शेताचं नुकसान त्यात दिसत नाही, पण सगळ्या गावाचं होतं.

बियाण्याच्या खर्चानेच हैराण असाल तर या दोघांच्या पलीकडेही एक वाट आहे: नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने दिलेले सरळ बीटी वाण, जसा रजत बीटी. हे संकरित नाहीत, त्यामुळे घरची सरकी पुढच्या वर्षी वापरता येते. हलक्या, कोरडवाहू जमिनीत 90 बाय 15 सेंटीमीटरवर दाट लावले तर एकरी तीस हजारांच्या आसपास झाडं बसतात, आणि एवढी सरकी संकरित पाकिटातून घेणं परवडणारच नाही. बोंड लहान असतं, वेचायला वेळ लागतो, आणि यात एकच बीटी जनुक आहे. बियाणं मिळवायला हंगामाच्या खूप आधी विचारावं लागतं. भारी जमीन आणि ओलीत असेल तर मी संकरितच सुचवेन.

बीजी-2 घ्यायचं ठरवलं असेल तर बिलाचा उपयोग होईल असं ते घ्या. बिलावर वाणाचं नाव, लॉट नंबर, किंमत आणि सही हवी. "नंतर देतो" म्हटलं तर थांबा, कारण जुलैत मागायला गेलं की लॉट नंबर जुळत नाही. पाकीट वरून न फाडता खालून कापा, म्हणजे टॅग आणि छापील मजकूर शाबूत राहतो. मूठभर सरकी त्याच पाकिटात ठेवून तोंड बांधा. उगवण बिघडली तर आठवडाभरातच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुक्याची बियाणे तक्रार समिती शेतात येऊन पंचनामा करेपर्यंत शेत मोडू नका, मोडायचंच असेल तर निदान पिकाच्या चार ओळी तशाच ठेवा. पंचनामा हातात असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. ते पाकीट आणि बिल एका पिशवीत घालून घरात कोरड्या जागी, शेवटचा वेचा होईपर्यंत राहू द्या.